एका पदराचा पट्टा

ये सुशे, अशी जवळ बस. खुर्ची कशाला हवी, चटई आहे ना? आणि तो फोन आधी पालथा करून ठेव. नाहीतर तू ऐकतेस इकडचं आणि बघतेस तिकडं. दिवाळीत काय म्हणालीस मला, आठवतं? "मावशी, तुमच्या भंडाऱ्यात पाहण्यासारखं आहे तरी काय?" तेव्हा गॅसवर भाजी लागत होती म्हणून मी गप्प बसले. विसरले नाही हो. पुण्याला घर घेतलंस म्हणून मावशीचा जिल्हा इतका लहान झाला का गं?

तू इथं नाहीस, हे मलाही कळतं. पण जवळ बस म्हटल्याशिवाय माझी लेखणी हलत नाही. मी तीन दिवसांचा प्रवास करून आले आहे. जिल्ह्याच्या बाहेर पाऊलही टाकलं नाही, तरी फार लांबून आल्यासारखं वाटतं. तेच सांगते. लिहिताना माझ्या हाताला छापील भाषा येते, पण माणसं जशी बोलली तशीच ठेवली आहेत.

निघण्याआधी, मोहाडी

आपल्या घरासमोर आता मोबाइलचं दुकान आहे ना, तिथं पूर्वी एक खोली होती. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्या खोलीत एक तरुण पाद्री राहायला आला. दक्षिणेकडचा, समुद्रकाठच्या कोळ्याचा मुलगा. नाव सायमन, पण गल्लीनं त्याला शिमनफादर करून टाकलं. त्याच्या वरच्यांनी त्याला मराठी शिकायला पाठवलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं आणि मला वाचता येत नव्हतं. दुपारी तो आमच्या मागाजवळ येऊन बसायचा. तुझे काका कोशाच्या रेशमाची साडी विणायचे, मी बाजूला बसून सुताच्या कांड्या भरायची. काका एकेक शब्द बोलायचे, फादर तो परत म्हणायचा. आणि सुताच्या गठ्ठ्यावरच्या छापील कागदावर बोट ठेवून मला अक्षर दाखवायचा. माझी शाळा तेवढीच. आज ही वही लिहिते आहे ती त्या कागदाच्या जोरावर.

मग तो एकोडीकडं गेला, तिथून लाखांदूरकडं. सायकलवरून फिरला, दवाखाना चालवला, पोरांचं वसतिगृह चालवलं. असं करता करता केस पांढरे झाले. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया आपला संसार घेऊन वेगळा निघाला, त्यानंतर काही वर्षांनी पत्र आलं की शिमनफादर बिशप होतो आहे. बिशप म्हणजे फादरांचा फादर. डोंगरापलीकडच्या एका मोठ्या मुलखातली सगळी चर्चं, शाळा, दवाखाने त्याच्या हाताखाली. बोटात अंगठी, हातात वळणाची काठी, डोक्यावर उंच टोपी.

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी साडीचं काम बाजूला ठेवलं आणि त्याच्यासाठी पट्टा विणायला घेतला. पूजेच्या वेळी पाद्री गळ्यात एक लांब पट्टा घालतात, दोन्ही टोकं पुढं सोडलेली. कोशाचा पिवळसर रंग, करवतीच्या दातांसारखा लाल काठ, आणि टोकाला असा भरगच्च पदर की बघत राहावं. पाठवून दिला. मग आम्ही दोघं सोहळ्याला गेलो.

तिथं आमचा शिमनफादर जमिनीवर पालथा पडला, लांबच लांब, आणि हजारो माणसं संतांची नावं गात राहिली. मग त्याला उठवलं, डोक्यावर पोथी उघडून धरली, तेल लावलं. मी ह्यांच्या कानात म्हटलं, "नवरदेवासारखंच की हो!" पण ह्यांचं लक्ष तेलाकडं नव्हतं. ते फादरच्या झग्याखालून डोकावणाऱ्या पट्ट्याच्या टोकांकडं बघत होते. बाकीच्या बिशपांच्या पट्ट्यांची दोन्ही टोकं सारखी. आमच्या फादरचं एक टोक भरलेलं आणि दुसरं कोरं.

तुझ्या लक्षात आलं का? साडीला पदर एकच असतो. दुसरं टोक साधं, ते आत खोचलं जातं, त्याच्याकडं कोण बघतो? चाळीस वर्षं साड्याच विणलेला हात. त्या हातानं पट्ट्यालाही एकच पदर दिला.

हे जेवले नाहीत. फादरला न भेटता माझा हात धरून बाहेर आले. बसमध्ये एवढंच म्हणाले, "भर सभेत मी त्याले अर्धा सजवलो बाई."

त्यानंतर फादर कधी मोहाडीला आला नाही. पत्रही नाही. काकांनी मागावर दोन पदरांचा नवा पट्टा लावला. पण मनासारखा होईना. विणायचे, उसवायचे. ह्या पट्ट्यात वर्षं गेली आणि शेवटी हेच गेले. एक पदर आणि सगळी लांबी झाली होती, दुसरा पदर राहिला होता. जाण्याआधी मला म्हणाले, "तो परत आण. हा दे."

मी मागावर चादर टाकली. दोन वर्षं ती काढली नाही.

या कार्तिकात माझी नणंद शेवंता धावत आली. ओळखतेस ना, तीच, जी लग्नात आधी जेवते आणि मग वधूला बघते. म्हणाली, "वयनी, शिमनफादर येऊन राहिला म्हणते! रिटायर झाला, तब्येत बसली. जुनी गावं पाहून समुद्राकडं म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी जाणार. मग काही येत नाही तो."

मी चादर काढली. आमच्यात माग पुरुषांचा, बायकांनी कांड्या भरायच्या, असंच चालत आलेलं. जन्मभर मी धोट्याला सूत पुरवलं, पण धोटा फेकला नव्हता. नऊ दिवस बसले. पायाला गोळे आले. दुसरा पदर झाला.

पहिला दिवस, एकोडी

पट्टा जुन्या धोतरात गुंडाळला आणि आम्ही दोघी निघालो. साकोलीपर्यंतच्या बसमध्ये शेवंतानं ते गाठोडं उशाशी घेतलं आणि तोंड उघडं टाकून झोपली. मी जागी होते की नव्हते, सांगता येत नाही. बाहेर धान कापून झालेलं, पेंढ्यांचे गोल गोल पुंजणे उभे, आणि त्यांच्यामध्ये धुकं असं बसलेलं जसं कोणी कोशाचं सूत सुकायला घातलं आहे. बसचा पत्रा वाजत होता, ठक, ठक. मला तो मागाचाच आवाज वाटत होता. हे विणत आहेत आणि मी कांडी भरते आहे, आणि धुक्यातून एक परका आवाज म्हणतो आहे, "ताणा. बाणा. फणी." परत परत.

"आजी, तुमची साथीदार घोरून राहिली, डायवरले आवाज येते," कंडक्टर म्हणाला. मी शेवंताला हलवलं. गाठोड्यावर तिच्या लाळेचा हा एवढा डाग! नशीब की वरचं धोतर जाड होतं.

एकोडीला देवाजी भेटले. फादरच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर, आता पार वाकलेले. त्यांच्या सुनेनं आयते करून वाढले. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार, तव्यावरून उचलताना पलीकडचं दिसावं असे. आपल्याकडंही करतात, पण इथं सोबत लाखोळीच्या वाळवलेल्या पानांची भाजी होती, आंबूस, कडवटशी. शेवंतानं सात खाल्ले आणि म्हणाली, "सून चांगली मिळाली, देवाजी. आमच्याकडं असती तं मी पंधरा दिवस राहिली असती."

"अजूनही राहा ना, कोण नाही म्हणते," देवाजी म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच, "पण बाई, तुमी उशीर केला. फादर काल गेला. लाखांदूरच्या पुढं, तलावाच्या गावाले. परवा सकाळी तिथून नागपूरची गाडी."

माझा घास हातातच राहिला. देवाजींना ते दिसलं. माझं मन दुसरीकडं वळवायला म्हणून ते मला दवाखाना दाखवायला घेऊन गेले. दोन खोल्या, एक मोडका बाक, आणि भिंतीला खुंटीवर टांगलेली एक सायकल. पावसाळ्यात फादर सायकल खांद्यावर घेऊन बांधाबांधानं यायचा म्हणे. बाळंतीण अडली की बैलगाडीत स्वतः बसायचा. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत दवाखान्यात माणूस येत नाही म्हणून स्वतः चिखलात उतरून रोवणी करत करत विचारायचा, "पोट कसं आहे? खोकला गेला का?"

"बिशप झाल्यावर आला होता एकदा," देवाजी म्हणाले. "गाडीतून उतरला अन् पहिले बूट काढून धानाच्या बांधीत उतरला. सोबतचे पाद्री काठावरच. आम्ही म्हणलो, साहेब, अंगठी चिखलात पडन. म्हणे, पडू दे, अंगठीनं कायची रोवणी होते?"

मी हसले. मग ते म्हणाले, "परवा इथं बसून सांगत होता, मी गेलो का मले त्या कोशाच्या पट्ट्यात माती द्या. एक पदराचा आहे तो."

शेवंता दारात पान लावत उभी होती. तिचा हात थांबला. "म्हणजे आमच्या दादाची चूक गळ्यात घालून हा देवाकडं जाणार? वयनी, आता तं गेलंच पाहिजे!"

दुसरा दिवस, लाखांदूरची वाट

सकाळची बस चुकली. चुकली म्हणजे आमच्या डोळ्यांसमोरून गेली. शेवंता हात दाखवत धावली, पण धावता धावता तिला एक ओळखीची बाई दिसली आणि ती तिथंच बोलत थांबली. रागावू तरी किती? दुपारच्या बसनं निघालो. शेतकरी बायका, कोंबड्यांच्या टोपल्या, नव्या तांदळाच्या चुंगड्या. सगळ्या बसमध्ये नव्या तांदळाचा वास. मांडीवर गाठोडं धरून मी मनात वाक्यं जुळवत होते. इतक्या मोठ्या माणसाकडून दिलेली वस्तू परत कशी मागायची? आमच्याकडं दिलेलं परत घेत नाहीत. आणि घ्यायचं नाही, तर ह्यांना काय सांगू?

लाखांदूरला उतरलो तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. पुढच्या गावाला जाणारी गाडी नव्हती. धान घेऊन गिरणीवर आलेल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर परत जात होता. शेवंतानं त्याला आधी "भाऊ" म्हटलं, मग त्याच्या आईचं माहेर विचारलं, आणि ते मोहाडीकडचं निघाल्यावर आमची बसायची सोय झाली. पोत्यांवर बसून आम्ही दोन म्हाताऱ्या संध्याकाळच्या उजेडातून गेलो. दोन्हीकडं रिकाम्या बांध्या, मध्येच एखादी बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि त्यात अख्खं आभाळ पडलेलं. वर बगळे जात होते, खाली पाण्यातही जात होते. एका वेळी मला कळेना की आपण वरून चाललो आहोत की खालून. शेवंतासुद्धा गप्प होती. आता तूच समज, काय जागा असेल!

त्या गावात फादर झोपला होता. त्याला सांभाळणारी सिस्टर, म्हणजे जोगीण बाई, म्हणाली, "आज नाही, आजी. उद्या सकाळी पूजा आहे. त्याआधी भेटा." आम्हाला तिनं स्वतःच्या ताटातलं वाढलं. शाळेच्या खोलीत सतरंजी दिली.

तिसरा दिवस, तलावाची पाळ

सकाळी तलावावर धुकं होतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे, त्याच्याखाली खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. पांढरा झगा, वर लोकरीचं स्वेटर, कानाला मफलर. बोटातली अंगठी इतकी सैल झालेली की तिला दोरा गुंडाळला होता. मी ओळखलं नाही. मी शोधत होते तो पंचवीस वर्षांचा पोरगा.

डोळे उघडे होते, पण माझ्याकडं नव्हते. सिस्टरनं सांगितलं होतं की त्याला आता फार दिसत नाही. मी "फादर" म्हटलं. त्यानं मान वळवली.

"परत बोला."

"फादर, मोहाडीहून आली मी."

"कांडीवाली वयनी!" तो म्हणाला. आणि हात पुढं करून असा हसला की तो पंचवीस वर्षांचा पोरगा तिथंच होता. "दादा कुठं आहे?"

मी सांगितलं. तलावात कोणीतरी जाळं टाकलं, त्याचा पसरट आवाज झाला. कोळ्याचा मुलगा तो, त्यानं मान त्या आवाजाकडं केली.

"माह्यावर रागावूनच गेला ना?"

"तुमच्यावर? कायले?"

"त्या दिवशी जेवला नाही तो. मले भेटला नाही. मी समजलो, मी मोठा झालो, अंगठी घातली, ते त्याले आवडलं नाही. कोणत्या तोंडानं मोहाडीले येऊ? तीनदा साकोलीपर्यंत आलो वयनी, अन् गाडी फिरवली."

सुशे, मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. ह्या दोन शहाण्या माणसांचा. एक समजत होता की मी त्याची फजिती केली, दुसरा समजत होता की मी त्याला दुखावलं, आणि मध्ये पंधरा वर्षं! मी तिथंच पाळीवर बसले आणि सगळं सांगितलं. साडीचा एक पदर, बाकीच्यांची सारखी टोकं, उपाशी परत येणं, उसवणं, चादर. शेवटी म्हणाले, "म्हणून तो जुना पट्टा द्या मले. चुकीचा आहे तो."

"चुकीचा आहे, हे कोण म्हणते?"

"ज्यानं विणला तो."

फादर हसायला लागला. हसता हसता खोकला आला, सिस्टर पाणी घेऊन धावली. "वयनी, माह्या कपाटात दुकान मांडावं इतके पट्टे आहेत. जरीचे, मखमलीचे. दोन्हीकडं सारखे. डोळे गेल्यावर कोणता सरळ, कोणता उलटा, काही समजेना. मंग हात घालायचो. एक टोक जड अन् एक हलकं लागलं का समजायचं, हा दादाचा. जड टोक डावीकडं, छातीवर. आंधळ्याले वाट दाखवणारा तेवढाच एक आहे. अन् तू म्हणतेस चुकीचा!"

शेवंता माझ्या कानात म्हणाली, "वयनी, हा देत नाही वाटते."

मी गाठोडं सोडलं आणि नवा पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला. "मंग निदान हा घ्या. हा बरोबर आहे. दोन्ही पदर सारखे."

त्यानं तो उचलला नाही. आधी एक टोक बोटांत धरलं. अंगठा आडवा, मग उभा फिरवला. तसाच, जसा मागाजवळ बसून शिकला होता. "हा दादा," तो म्हणाला. मग हात सरकवत सरकवत लांबीभर गेला, दुसऱ्या टोकावर आला आणि थांबला. पुन्हा चाचपलं.

"ही तू आहेस."

ह्यांचा फणीचा ठोका घट्ट, माझा सैल. डोळ्याला कळू नये म्हणून मी नऊ दिवस मरमर केली होती. त्याला डोळे नव्हते म्हणून कळलं.

"हा पण सारखा नाही, वयनी."

"नाही," मी म्हटलं. आणि मग रडू आलं.

त्या सकाळी त्यानं पूजेला नवा पट्टा घातला. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, खाली शेणानं सारवलेलं, माणसं चाळीस-पन्नास. मला पूजेतलं फार कळलं नाही. एवढं कळलं की आपल्याकडं देव सजवतात आणि इथं पुजारी सजवतात. आणि तो बोलला ते सगळं कळलं, कारण ती आमच्या मागाची भाषा होती. इतक्या मोठ्या मुलखाचा बिशप, पण "तुमाले सांगतो" असंच म्हणत होता. मी शेवटच्या ओळीत बसून ती दोन टोकं बघत होते. लांबून सारखीच दिसत होती हो.

पूजा झाल्यावर त्यानं पट्टा काढला, माझ्यासमोर धरून घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"हा घरी ने. ह्याच्यात तुमी दोघं आहा, हा मोहाडीतच राहू दे. जुना मले लागते, कपाटात सापडते म्हणून. मी गेलो का सिस्टर फोन करन. मंग हा घेऊन ये. समुद्र पाहिला का कधी?"

"कुठून पाहणार?"

"मंग पाहशील. अन् मले कोणता घालून माती द्यायची, ते तू ठरव. चूक कोणती अन् बरोबर कोणतं, विणणाऱ्याच्या घरचं माणूस सांगन. मी नाही."

गाडी आली. त्याला दोघांनी धरून बसवलं. काच खाली करून त्यानं विचारलं, "माग बंद केला का?" मी म्हटलं, "नाही." त्या क्षणापर्यंत ते खोटं होतं.

परत, मोहाडी

घरी आल्यावर मी मागाजवळ गेले. विणकर शेवटची सुतं कधी कापून टाकत नाही, थोडी मागावरच ठेवतो आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्यांना जोडतो. ह्यांची सुतं तशीच लोंबत होती. चार दिवस बसून मी एकेक जोडलं. शेवंता रोज येऊन कांड्या भरते आणि माझ्या ठोक्याला नावं ठेवते. काय विणते आहे ते अजून ठरलं नाही. एक पदर होईल, की दोन, तेही नाही.

दुसरं मात्र ठरलं आहे, म्हणजे फोन आल्यावर काय सांगायचं ते. त्याचा जड टोकाचा जुना पट्टा त्याच्यापाशीच राहू दे, वाटेत अंधार असेल तर हाताला लागेल. नवा मी त्याच्या छातीवर नुसता ठेवीन आणि परत आणीन. ह्यांना काय सांगायचं, तेही ठरलं. सांगीन की तो रागावला नव्हता हो. जेवून घ्या.

पण समुद्रापर्यंत मी शेवंताला घेऊन जाऊ का? ती गाठोडं उशाशी घेईल आणि रेल्वे चुकवेल. म्हणून म्हणते सुशे, ये. नवा तांदूळ आला आहे, आयते करीन, जाळीतून तुला तलाव दिसेल इतके पातळ. आणि आलीस की आधी डोळे मीट, हा पट्टा हातात घे, आणि बोटांनी सांग मला, कोणतं टोक काकांचं आणि कोणतं माझं. सुट्टी मिळेल तेव्हा नको. लवकर ये. फोन कधी वाजेल, काही सांगता येत नाही.